जावक रजिस्टरच्या तीन रिकाम्या ओळी आणि सरकारी ऑफिसातलं राजकारण

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सव्वीस वर्षांची, परीक्षा देऊन लिपिक म्हणून लागली, जिल्ह्याच्या ठिकाणी एका ऑफिसात आठ महिने झालेत, टेबल आवक-जावक. ऑफिसात दोन कंपू आहेत, एक हेडक्लार्कचा म्हणजे पर्यायाने साहेबांचा, दुसरा संघटनेवाल्यांचा, आणि दोघांनाही ती आपल्याकडे हवी आहे. ती कुणातच बसत नाही म्हणून तिला शिष्ट म्हणतात. मागच्या आठवड्यात हेडक्लार्क म्हणाले, जावक रजिस्टरला तीन ओळी रिकाम्या सोड, नंतर लागतील. तिने "बघते" म्हणून वेळ मारून नेली. आता विचारते आहे की मला राजकारण करायचं नाही पण नाही केलं तर हे लोक मला इथे जगू देतील का, आणि शेवटी, बदली मागू का.

मला तुझ्याएवढी मुलगी आहे म्हणून अगंतुगं करतो, राग मानू नकोस. मी 1988 ला लिपिक म्हणूनच लागलो, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसचं टायपिंग पास होऊन, आणि 2023 ला गट ब मधून रिटायर झालो. पस्तीस वर्षं, सात ऑफिसं. त्यात दोनदा कारणे दाखवा नोटीस आणि एकदा मुदतीआधी बदली. म्हणजे मी कोणी फार धुतल्या तांदळासारखा आहे असं समजू नकोस, माझं एक पाप खाली येईलच.

आधी त्या तीन ओळींचं बोलू कारण ते सगळ्यात घाईचं आहे. सोडू नकोस. त्या ओळी कशाला लागतात हे तुला कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. मुदत संपल्यावर काढलेली नोटीस मुदतीच्या आत काढली असं दाखवायला लागतात, आचारसंहिता लागल्यावर काढलेला आदेश आदल्या दिवशीचा दाखवायला लागतात, मार्च संपल्यावर 31 मार्चचं पत्र जन्माला घालायला लागतात. आणि उद्या चौकशी लागली की सगळ्यात आधी काय ताब्यात घेतात? रजिस्टर. त्यात अक्षर कुणाचं? तुझं. हेडक्लार्क म्हणतील मी असं कधी बोललोच नाही, आणि ते खरं बोलतायत की खोटं हे सिद्ध करायला तुझ्याकडे काहीही नसेल, कारण तोंडी सांगणं हवेत जातं आणि शाई राहते.

पण "मी असलं करणार नाही" असं तोंडावर सांगायची पण गरज नाही. मी काय करायचो सांगतो. रोज संध्याकाळी शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारायची, खाली लिहायचं "आज अखेर जावक क्र. 1412 ते 1437, एकूण 26", आणि रजिस्टर सहीसाठी त्या हेडक्लार्कसमोरच न्यायचं. चेहरा साधा ठेवायचा. "भाऊसाहेब, माझा गोंधळ होतो नंबरांचा, रोज एक सही करून द्या म्हणजे माझ्याकडून चूक होणार नाही." पहिल्या दिवशी ते तुझ्याकडे बघतील. त्यांना कळेल. तुलाही कळेल की त्यांना कळलंय. आणि कोणी काही बोलणार नाही, कारण बोलण्यासारखं त्यात काही नाहीच, नवीन मुलगी काम व्यवस्थित करतेय एवढंच दिसतंय. ई-ऑफिस आलेल्या ठिकाणी हा प्रकार बराच बंद झाला, नंबर मशीनच देतं, पण खालच्या ऑफिसांत अजून रजिस्टर चालूच आहेत.

हे मी मुद्दाम एवढं सविस्तर सांगतोय कारण मला जे सांगायचंय ते सगळं यातच आहे. सरकारी ऑफिसात नकार माणसाला देऊ नये, कागदाला देऊ द्यावा. माणसाला नकार दिला की त्याचा अपमान होतो आणि अपमान झालेला हेडक्लार्क हा साप चावल्यापेक्षा वाईट, तो पंधरा वर्षं लक्षात ठेवतो. पद्धतच अशी लावली की ती गोष्ट होणंच शक्य नाही, तर कुणालाच हरल्यासारखं वाटत नाही.

तोंडी आदेशांचं पण तेच. तुला पुढे टेबल बदलून मिळेल, आस्थापना म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बदल्यांचं टेबल मिळेल, लेखा मिळेल, तेव्हा हे रोज होणार. साहेब केबिनमध्ये बोलावणार आणि म्हणणार हे असं करून टाका. आता यातले दहातले सात आदेश अगदी साधे असतात, साहेबांना घाई असते म्हणून तोंडी सांगतात, त्यात काही काळंबेरं नसतं, तेव्हा प्रत्येक वेळी संशयाने बघू नकोस, नवीन पोरं तेच करतात आणि चांगल्या साहेबाला पण दुखवून बसतात. पण सात असोत की तीन, पद्धत एकच ठेव. टिप्पणी लिहायची. "मा. महोदयांशी दि. अमुक रोजी झालेल्या चर्चेनुसार प्रस्ताव सादर", खाली नियम काय म्हणतो ते दोन ओळीत, खाली "आदेशार्थ सादर". बस्स. नुसतं "चर्चेनुसार" लिहू नकोस, ती आपल्याकडची फार जुनी पळवाट आहे, कोणाशी चर्चा आणि कधी हे दोन्ही लिहायचं.

ही काही माझ्या मनाची हुशारी नाही. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम 1979 चा नियम 3 काढून वाच, वरिष्ठांच्या निदेशाप्रमाणे वागताना तो निदेश शक्यतो लेखी घ्यावा आणि तेव्हा शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा असं त्यात सरळ आहे. आणि 2013 ला सुप्रीम कोर्टाने टी.एस.आर. सुब्रमण्यम यांच्या केसमध्ये हेच आयएएस लोकांच्या संदर्भात सांगितलं, की तोंडी आदेशांवर कारभार चालवू नका, आदेश नोंदवले गेले पाहिजेत. सुब्रमण्यम स्वतः देशाचे कॅबिनेट सेक्रेटरी राहिलेले. त्या पातळीच्या माणसाला यासाठी कोर्टात जावं लागलं तर तुझी-माझी काय कथा. पण कृपा करून साहेबांना हा नियम ऐकवायला जाऊ नकोस. नियम आपल्यासाठी असतो, मनातल्या मनात पाठीशी उभा राहायला. साहेबांना एवढंच म्हणायचं, "सर टिप्पणी ठेवते, आपला शेरा झाला की लगेच पत्र काढते."

आणि यातली गंमत बघ. जे काम खरंच वाकडं असतं त्या फाईलवर साहेब सहीच करत नाहीत. फाईल चार दिवस केबिनमध्ये पडून राहते, मग "सध्या राहू द्या" म्हणून परत येते. माझ्या सर्व्हिसमध्ये एका खरेदीचे तुकडे पाडायचे होते, म्हणजे एकच मोठी खरेदी चार छोट्या मागण्यांत दाखवायची म्हणजे टेंडर काढायला नको. मी टिप्पणीत फक्त एवढं लिहिलं की चारही मागण्या एकाच वस्तूच्या आणि एकाच आठवड्यातल्या आहेत, एकत्रित प्रस्ताव करायचा किंवा कसे याबाबत आदेश व्हावेत. "किंवा कसे" हे दोन शब्द फार कामाचे आहेत बरं का. आरोप नाही, सल्ला नाही, शहाणपणा नाही, नुसता प्रश्न. ती फाईल दीड महिना फिरली आणि शेवटी टेंडर निघालं. अर्थात साहेब खूश झाले असं नाही, त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात मला "ब" मिळाला, आधीची तीन वर्षं "अ" होता. किंमत पडते. पडत नाही असं मी म्हणणार नाही. आणि काही साहेब असेही भेटतात जे बिनधास्त सही करतात. मग ती जबाबदारी त्यांची, तू तुझं म्हणणं नियमासकट एकदा लिहिलंस, तिथे तुझं काम संपलं, परत परत तेच लिहून फाईल अडवायची नाही. एक अपवाद, समोरचं काम सरळसरळ गुन्हाच असेल, खोटा दाखला, खोटं बिल, तर वरची सही झाली तरी त्या कागदावर आपला हात लावायचा नाही, आणि तिथे मात्र तोंडाने नाही म्हणावंच लागतं.

आता माझं पाप.

1996-97 ची गोष्ट असेल. एक प्रकरण वरून आलं, का उशीर झाला म्हणून विचारणा. माझ्याकडे ते तीनच आठवड्यांपूर्वी आलं होतं, त्याआधी पाच महिने शेजारच्या टेबलावर होतं. मी खुलाशाच्या टिप्पणीत लिहिलं, "सदर प्रकरण दि. अमुक ते दि. अमुक या कालावधीत श्री. अमुक यांच्या कार्यासनात प्रलंबित होते." शब्द न शब्द खरा. रजिस्टरवरून तारखा काढल्या होत्या. त्या माणसाला नोटीस आली, मग शिस्त व अपील नियमांच्या नियम 10 खाली छोटी शिक्षा झाली, एक वेतनवाढ रोखली. आणि मला माहीत होतं की त्या पाच महिन्यांत त्याची बायको आजारी होती आणि तो सकाळ-संध्याकाळ सिव्हिलला जाऊन येऊन नोकरी करत होता. मी फक्त तीन टेबलं चालत जायला पाहिजे होतं. "अरे असा खुलासा मागितलाय, काय लिहू?" एवढं विचारलं असतं तर त्याने तेव्हाचे रजेचे अर्ज जोडले असते, मी टिप्पणीत तारखांबरोबर ते कारण पण लिहिलं असतं, दोघंही सुटलो असतो. नाही गेलो. का नाही गेलो हे पण सांगतो, त्याचं आणि माझं प्रमोशनच्या यादीत वर-खाली होतं. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की मी फक्त खरं लिहिलं. खरं लिहूनही माणूस घाण राजकारण करू शकतो हे मला तेव्हा कळलं, म्हणजे खरं तर तेव्हा नाही कळलं, तो पुढे रिटायर होताना निरोप समारंभात सगळ्यांना भेटला आणि मला ओलांडून गेला तेव्हा कळलं.

त्यामुळे कागद वापर, पण कुणाचं नाव लिहायच्या आधी त्याच्या टेबलापर्यंत चालत जायचं. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही.

कंपूंबद्दल. तू म्हणतेस मी कुणातच बसत नाही. इथे मला वाटतं तुझं थोडं चुकतंय. कुणाच्याच चहाला न जाणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे, ते दोन्ही बाजूंना तुच्छ लेखल्यासारखं दिसतं, आणि खरं सांग, थोडंसं तसं आहे पण ना? परीक्षा देऊन आलेल्या मुलांमध्ये हे मी खूप बघितलंय, चार वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसून संविधान पाठ केलेलं असतं आणि इथे येऊन बघतात तर बाजूच्या टेबलावर अनुकंपावर लागलेला माणूस दोन बोटांनी टाईप करतोय. पण त्या दोन बोटांच्या माणसाला हे माहीत असतं की 2009 च्या प्रकरणाची फाईल रेकॉर्ड रूममध्ये कुठल्या रॅकच्या मागे पडलीय. त्याच्याशी बोल. दोन्ही गटांचा चहा पी, आणि चहा पाजायला पण शिक. कुणाच्या मुलाची दहावी आहे, कुणाची आई गावाकडे एकटी आहे, हे माहीत असू दे. ऑफिसच्या गणपतीला वर्गणी दे. शिपाईमामांना नावाने हाक मार, त्यांच्या आधी नमस्कार कर. हे सगळं राजकारण नाही का? आहे की. पण यात कुणाचं नुकसान नाही, आणि अडचणीच्या दिवशी हीच माणसं तुझ्या बाजूने एक वाक्य बोलतात.

फक्त एक पाळ. या चहाचं बोलणं त्या चहाला न्यायचं नाही. कुणी साहेबांबद्दल तुझ्यासमोर बोललं की हसू पण नकोस आणि रागावू पण नकोस, "मला अजून एवढं कळत नाही हो" म्हणून मोकळी हो, पहिली दोन वर्षं हे वाक्य चालतं. कान भरणारा माणूस एका गोष्टीवर जगतो, समोरचा काहीतरी बोलतो यावर. तू काहीच बोलली नाहीस तर तुझ्या नावावर खपवायला त्याच्याकडे माल राहत नाही. ऑफिसच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर शुभेच्छांचं उत्तर सोडून काही टाकू नकोस, तिथले स्क्रीनशॉट साहेबांपर्यंत पोचायला पाच मिनिटं लागतात, बहुतेक वेळा त्याहून कमीच.

जातीचं पण बोलावं लागेल, सगळे टाळतात. आडनाव विचारून, गाव विचारून मग "आपल्यातलीच आहे" म्हणत जवळ करणारे लोक तुला भेटले असतील किंवा भेटतील. कधी ते खरंच मायेने असतं. घर शोधून देतात, डबा लावून देतात, ते घ्यायला हरकत नाही. पण त्या मायेचं बिल कधीतरी येतं, एखाद्या बिंदुनामावलीच्या म्हणजे आरक्षणाच्या रोस्टरच्या फाईलवर, एखाद्या बदलीच्या यादीवर, "आपल्या माणसाचं बघ जरा". तिथे जे सगळ्यांसाठी करशील तेच त्याच्यासाठी कर, ना जास्त ना कमी. आणि उलटही बघ, दुसऱ्या जातीच्या माणसाची फाईल तुझ्याकडून नकळत दोन दिवस जास्त राहते का. माझ्याकडून राहिलेली आहे, म्हणून सांगतो.

पैशांचं थोडक्यात. आवक-जावकला फारसं येत नाही पण पुढे येईल. टेबलांची साखळी असते आणि तू घेतलं नाहीस तर लोक तुझ्यावर चिडत नाहीत, घाबरतात, कारण न घेणारा माणूस उद्या बोलेल असं त्यांना वाटतं. त्यांची ही भीती काढायला त्यांच्यासारखं व्हायची गरज नाही आणि कीर्तन करायची तर अजिबातच नाही. "मला नको, माझं घरी चालतं" एवढंच. पण तुझ्या ड्रॉवरमध्ये दुसऱ्याचं पाकीट "जरा ठेव, संध्याकाळी नेतो" म्हणून कधीच ठेवू देऊ नकोस, सापळा लागला की पैसे जिथे सापडतात तिथलाच माणूस आत जातो. आणि कोणी तुला मागायलाच भाग पाडत असेल, तर ते राजकारणाच्या पलीकडचं आहे, तिथे 1064 हा लाचलुचपतवाल्यांचा नंबर आहे आणि तो वापरायला संकोच करू नकोस. तसंच एखादा वरिष्ठ रात्री मेसेज करत असेल, कामाच्या नावाखाली जवळ येत असेल, तर ते "ऑफिसात असं चालतंच" यात मोडत नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच हवी, 2013 चा कायदा आहे, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. मेसेज डिलीट करू नकोस.

तुझा खरा बचाव मात्र या सगळ्यात नाही, तुझ्या टेबलात आहे. अनिलकुमार लखिना नावाचे कलेक्टर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला होते, त्यांनी ऑफिसचं काम लावायची पद्धत आखली ती लखिना पॅटर्न म्हणून राज्यभर गेली, आपली सहा गठ्ठ्यांची पद्धत त्यातलीच. चालू प्रकरणं वेगळी, प्रतीक्षेतली वेगळी, नियतकालिकं म्हणजे ठरलेल्या मुदतीने पाठवायची विवरणपत्रं वेगळी, स्थायी आदेशांची संचिका वेगळी, रेकॉर्डला पाठवायची वेगळी, नाश करायची वेगळी. आता लोक तपासणीच्या आदल्या रात्री गठ्ठे बांधतात आणि लाल फडक्यावर पांढऱ्या कागदाने नावं चिकटवतात तो भाग सोड. पण तू रोज बांध. कारण सरळ माणसाला अडकवायचा सगळ्यात सोपा रस्ता पेन्डन्सी, म्हणजे टेबलावर साचलेलं काम, हाच आहे. त्याने पैसे खाल्ले असं कुणी म्हणू शकत नाही, मग म्हणतात कामच करत नाही. बदल्यांचा जो 2005 चा कायदा आहे ना, त्याच्या नावातच बदल्यांबरोबर विलंबाला प्रतिबंध पण आहे, लोक अर्धंच नाव वाचतात. त्यात कलम 10 ला आहे की साधारणपणे कुठलीही फाईल एका माणसाकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, तातडीची चार दिवसांत. कार्यविवरण नोंदवही म्हणजे वर्कशीट भर, दर सोमवारी साहेबांच्या सहीला ठेव. ज्याचं वर्कशीट पूर्ण आहे त्याच्यावर निनावी अर्ज झाला तरी फार लांब जात नाही.

निनावी अर्ज होणारच, ते पण सांगून ठेवतो. आपल्या ऑफिसांतलं हे सगळ्यात लाडकं हत्यार. "एक त्रस्त नागरिक" अशी सही आणि आतली माहिती मात्र तुझ्या रजेच्या तारखांसकट. आला तर काय करायचं, प्रत मागायची, मुद्दावार खुलासा द्यायचा, प्रत्येक मुद्द्याला पुरावा जोडायचा, विशेषणं काढून टाकायची. कुणी लिहिला हे शोधत बसू नकोस, मी एकदा सहा महिने शोधलं, चुकीच्या माणसावर संशय घेतला आणि एक चांगली मैत्री घालवली. आणि कितीही राग आला तरी स्वतः कधी निनावी लिहू नकोस. नावाने तक्रार करायची हिंमत नसेल तर ती वेळ अजून आलेली नाही असं समज.

एक वही ठेव, घरी. रोज दोन ओळी, आज कोणी काय सांगितलं, कितीला, मी काय केलं. ऑफिसचे कागद किंवा त्यांचे फोटो घरी नेऊ नकोस, ते तुझ्यावरच उलटू शकतं, पण स्वतःची आठवण लिहायला कुणाची बंदी नाही. प्रत ऑफिसातच, स्थळप्रत म्हणजे पाठवलेल्या पत्राची आपल्याकडची प्रत फाईलला लागलीच पाहिजे याचा हट्ट धर. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, त्यानंतर आमच्याकडून जुन्या प्रस्तावांच्या प्रती मागवल्या गेल्या, ज्या टेबलवाल्यांकडे स्थळप्रती नीट होत्या ते दोन दिवसांत मोकळे झाले आणि बाकीचे पावसाळाभर रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात बसले.

गोपनीय अहवालाची भीती फार घेऊ नकोस. सुप्रीम कोर्टाच्या 2008 च्या देवदत्त केसपासून प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे असं कोर्टाचं म्हणणं आहे आणि त्यावर म्हणणं मांडता येतं. माझ्या त्या "ब" वर मी काही मांडलं नव्हतं, तेव्हा प्रतिकूल असेल तरच कळवायचे आणि मला ते पदोन्नतीच्या वेळी कळलं. तू स्वयंमूल्यांकन लिहिताना मात्र लाजू नकोस, "नेमून दिलेली कामे केली" असं एक वाक्य लिहून मोकळी होऊ नकोस, आकडे लिही, किती आवक, किती निपटारा, किती शिल्लक. आपल्या लोकांना स्वतःच्या कामाबद्दल लिहायला संकोच वाटतो आणि मग दुसरा तेच काम आपल्या नावावर लिहितो.

राहिलं बदलीचं. आत्ता मागू नकोस. परिविक्षा चालू आहे, विभागीय परीक्षा बाकी आहे, आणि आठ महिन्यांत बदली मागणारी मुलगी म्हणजे काहीतरी भानगड आहे असं पुढच्या ऑफिसला तुझ्या आधी फोन जाईल. कायद्याने एका पदावर साधारण तीन वर्षं आहेत, बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात, मध्येच केली तर लेखी कारण आणि वरच्या पातळीची मान्यता लागते, आणि ते न पाळता तुला हलवलं तर मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, मुंबई, नागपूर, संभाजीनगर तिन्हीकडे बसतं. पण एक सांगून ठेवतो, कितीही जण सुचवतील, "आमदारांचं पत्र आणते का?" आणू नकोस. वर्तणूक नियमांत बाहेरचा दबाव आणायला बंदी आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे ते पत्र तुझ्या फाईलला कायमचं लागतं आणि पुढचा प्रत्येक साहेब आधी तेच वाचतो.

तो हेडक्लार्क, त्याच्याबद्दल तू फार रागाने लिहिलंयस. असेल तसा. पण मला अजून एक शक्यता दिसते. त्या तीन ओळी त्याला त्याच्यासाठी नको असतील, त्यालाही वरून कोणीतरी तोंडीच सांगितलं असेल, आणि तो ते लेखी मागायचं धाडस गेल्या वीस वर्षांत हरवून बसला असेल. उद्या संध्याकाळी रजिस्टर घेऊन जाशील तेव्हा त्याची सही घाईघाईत घेऊ नकोस. जरा थांब, त्यालाही रेघ नीट बघू दे. कदाचित वरच्याला सांगायला त्यालाही एक कारण मिळेल, की नवीन मुलगी रोज क्लोजिंग करते, आता जमत नाही.